टीव्ही लागेपर्यंत

ऑक्टोबर उजाडला की मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या श्रूजबरीत लोकांना रंगांचं वेड लागतं. सोमवारी सकाळी ऑफिसात एकच विषय, वीकेंडला पानं बघायला कुठे गेलात. कुणी व्हरमाँटला जाऊन आलेलं असतं, कुणी न्यू हॅम्पशरच्या डोंगरात. आमची मराठी मंडळीही चार गाड्या काढून जातात, सोबत दशम्या नि शेंगदाण्याची चटणी घेतात, लाल मेपलखाली उभं राहून फोटो काढतात. आमचा इथला हा पहिलाच ऑक्टोबर, म्हणून आम्हालाही अगत्यानं बोलावतात. मी टाळतो. माझी बायको मधुरा एकदा चिडली, दुसऱ्यांदा तिनंच परस्पर सांगून टाकलं की त्याला पानांची ॲलर्जी आहे.

ते अगदीच खोटं नाही. मला पानगळ सोसत नाही. झाडानं पान टाकायचं ठरवलं की आधी ते त्याचा रस बंद करतं, देठापाशी एक पडदा धरतं, असं मी कुठेतरी वाचलंय. पानाला त्यातलं काही कळत नसणार. ते आपलं लाल-पिवळं होऊन मिरवत असतं आणि खाली उभे असलेले लोक वा वा करत असतात.

दोन वर्षांपूर्वी, २००६च्या पानगळीत, मी असाच मिरवत होतो. तेव्हा आम्ही न्यू जर्सीत, पार्सिपनीला राहायचो. माझी नोकरी जाणार हे ठरून गेलं होतं. माझा जिवलग मित्र शिरीष, जो माझा मॅनेजरही होता, त्याला ते माहीत होतं. आणि मी शहाणा दर शनिवार-रविवार त्याच्याच हॉलमध्ये मांडी घालून त्याच्या टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर बांधत होतो. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

आम्ही व्हिसावरची माणसं. नोकरी म्हणजे आमचा नुसता पगार नव्हे, आमचं इथलं राहणंच. हातात नोकरी असताना दुसरी शोधली तर नवी कंपनी कागद पुढे सरकवते आणि माणूस गुपचूप या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जाऊन बसतो. एकदा ती सुटली की मात्र घर, गाडी, पोरीची शाळा, ग्रीन कार्डाच्या रांगेत चार वर्षं तिष्ठून मिळवलेला नंबर, सगळं एका दमात जातं. म्हणून आमच्या लोकांत एक अलिखित रीत आहे. कुणाचं नाव काढून टाकायच्या यादीत आल्याचं कानावर आलं की त्याला कॉफीला न्यायचं आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, "तुझा रेझ्युमे अपडेट आहे ना रे?" बास. नाव घ्यायचं नाही, कारण सांगायचं नाही, त्यामुळे कुठला नियमही मोडत नाही. ऐकणारा ओळखतो आणि त्याच दिवशी कामाला लागतो. या एका वाक्यावर कितीतरी संसार इथे तगले आहेत. मी स्वतः ते दोघांना विचारलेलं आहे.

शिरीष पुण्याचा, मी नागपूरचा. २००० साली मी पार्सिपनीत आलो तेव्हा तो तिथे दोन वर्षं मुरलेला होता. एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये समोरासमोरच्या बिल्डिंगा. ड्रायव्हिंग त्यानं शिकवलं, मधुरा आली तेव्हा एअरपोर्टवर गाडी त्यानं आणली, आमची सई झाली तेव्हा हॉस्पिटलात रात्रभर बसला तो. पुढे तो मॅनेजर झाला तरी घरी अरे-तुरेच. त्याची बायको वैशाली. तिचं नाव घ्यायला मला अजून थोडं थांबावं लागतं, तेव्हा आधी डब्याचं सांगतो.

डबा म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा काळा कन्सोल. शिरीषनं हौसेनं आणला, दोन महिने त्यात गाड्या पळवल्या, गोळ्या झाडल्या, मग तो टीव्हीखाली धूळ खात पडला. मी इंटरनेटवर वाचलं होतं की हा डबा उघडून आत एक छोटी चिप डाखली की तो गेमचा राहत नाही. सिनेमे, गाणी, फोटो, वाटेल ते लावतो. आता नागपूरला शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मामाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून मी हातातलं सोल्डरिंग आयर्न कधी खाली ठेवलं नव्हतं, मला कोण अडवणार. जानेवारीतला शनिवार होता, बाहेर गुडघाभर बर्फ. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही डब्याची चिरफाड केली. वैशाली लांबूनच म्हणत होती की जळेल, आग लागेल, लीझमधून काढतील आपल्याला. राळेचा वास घरभर झाला. संध्याकाळी चार वाजता बटण दाबलं तर टीव्हीवर निळसर मेनू उमटला आणि आम्ही दोघं तिशीतले घोडे कार्पेटवर नाचलो.

पुढची तीन-साडेतीन वर्षं त्या डब्यानं आम्हाला जगवलं असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. पुण्याहून येणारा प्रत्येक जण बॅगेत लोणच्याबरोबर नाटकांच्या व्हीसीडी आणायचा. मी त्या डब्यात भरायचो, नावं घालायचो, फोल्डर लावायचो. शनिवारी दुपारी मसालेभाताचा कुकर उतरला की नाटक लागे. रेकॉर्डिंगमध्ये प्रेक्षकांतलं कुणी खोकलं तरी आम्हाला बरं वाटायचं, आपल्या माणसांचं खोकणं ते. डब्याचा पंखा गिरणीसारखा घरघरत असे, त्यावरून आवाज थोडा वाढवावा लागे. कुणाच्या भाच्याची मुंज, कुणाच्या बहिणीचं लग्न, सगळं त्याच पडद्यावर बघितलं, अक्षता तेवढ्या इथून टाकायच्या राहिल्या.

आणि डबा चालवता यायचा फक्त मला. कुठली वायर कुठल्या भोकात, अडकला तर किती वेळ बटण धरून ठेवायचं, हे सगळं माझ्या डोक्यात. शुक्रवारी वैशालीचा फोन यायचाच, अरे आवाज येत नाहीये, चित्र हिरवं दिसतंय. मी ऑफिसातूनच सांगायचो, मागची लाल वायर जरा दाबून बघ. मी गेल्याशिवाय त्यांच्या घरी टीव्ही धड लागत नसे आणि याचा मला कोण अभिमान. माणसाला आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं हे फार आवडतं. मला जरा जास्तच आवडतं.

पहिल्याच दिवाळीत वैशाली म्हणाली होती की तुझी बहीण नागपूरला, माझा भाऊ पुण्यात, मग आपण कशाला कोरडे बसायचं. तिनं पाट मांडला, स्मोक डिटेक्टर वाजू नये म्हणून शिरीषनं खुर्चीवर चढून त्याला बाथरूमची प्लॅस्टिकची टोपी घातली, आणि तिनं मला ओवाळलं. तेव्हापासून मी तिला ताई म्हणू लागलो. मित्राच्या बायकोला वहिनी म्हणतात, मधुरा मला चिडवायची की तू नातंच फिरवून टाकलंस, आता शिरीष तुझा मेहुणा झाला. मला ते आवडायचं. परदेशात माणूस नाती जोडतो ती अशी अर्धी खेळात, आणि मग ती खरीच होऊन बसतात.

२००६च्या उन्हाळ्यात शिरीषनं भिंतभर टीव्ही आणला. त्यावर डब्याचं चित्र भुरकट दिसायला लागलं. नवीन, मोठे व्हिडिओ आले की डबा दोन पावलं चाले, अडखळे, पुन्हा चाले. त्याचा जीवच तेवढा. आम्ही त्याच्यासमोर बसून, त्याला ऐकू येत नाही अशा थाटात म्हणायचो की याला आता झेपत नाही. ठरलं, की आता टीव्हीसाठी सरळ एक कॉम्प्युटरच बांधायचा. होम थिएटर पीसी. आवाज न करणारा पंखा, हॉलमध्ये शोभेल अशी काळी पेटी, टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारं कार्ड, आणि सोफ्यावर बसून चालवता येईल असा रिमोट. मी यादी केली, शिरीषनं मागवलं. तू आहेस ना, मग काय, असं तो म्हणाला.

खोकी नवरात्रात आली. दसऱ्याला वैशालीनं रिकाम्या पेटीला हळदकुंकू लावलं. झेंडू मिळेना, म्हणून ग्रोसरी स्टोअरच्या दारातल्या कुंडीतली शेवंती वाहिली. त्या मोसमात ती शेवंती इकडे दारोदार असते, जांभळी, तपकिरी, वासाच्या नावानं शून्य. मला ती पेटी, ती फुलं आणि काचेच्या दाराबाहेर डेकवर साचलेली पिवळी पानं असं सगळं एकत्र दिसतं अजून. खाली कॉम्प्लेक्सचा माणूस यंत्रानं पानं उडवत फिरत होता. एका बाजूची पानं दुसऱ्या बाजूला, एवढंच त्याचं काम.

कोजागिरी आम्ही सोयीनं शनिवारी संध्याकाळी करायचो, चंद्र असो नसो. त्या शनिवारी दुपारीच मी त्यांच्याकडे मदरबोर्ड बसवत होतो आणि माझा फोन वाजला. पिस्कॅटवेच्या एका कंपनीतून रिक्रूटर बोलत होती. माझा जुना रेझ्युमे तिला कुठेतरी मिळाला होता, काम माझ्याच प्रकारचं होतं, व्हिसाचं ते बघणार होते, सोमवारी भेटाल का म्हणाली. मी खांद्यानं फोन कानाशी धरून, हातात स्क्रू ड्रायव्हर, ऐटीत सांगितलं की थँक यू, पण मी इथे अगदी सेटल आहे. फोन ठेवून मी शिरीषला हसत हसत सगळं सांगितलंही. म्हटलं, पिस्कॅटवेला कोण जाणार रोज, आणि तुला सोडून जाऊन करू काय.

शिरीष समोर सोफ्यावर होता. तो "हं" म्हणाला. नंतर उठून आत गेला, मला वाटलं दूध बघायला. आत तो आणि वैशाली काहीतरी हळू आवाजात बोलत होते. दुधात केशर किती घालायचं यावरून त्यांचं दर वर्षी होतं, तसंच असेल म्हणून मी स्क्रू पिळत बसलो.

काय लागलं असतं त्याला. "रेझ्युमे अपडेट आहे ना रे", चार-पाच शब्द. तेही नको होते. "जाऊन तर ये सोमवारी", एवढं म्हणाला असता तरी मी समजलो असतो. बावळट आहे मी, पण इतका नाही.

त्याच सुमाराला ऑफिसात मला केटी द्यायला सांगितलं होतं. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, आपल्याला येत असलेलं काम पलीकडच्या माणसाला शिकवणं. रोज सकाळी मी पुण्यातल्या तीन मुलांना फोनवर माझं मॉड्यूल समजावून सांगायचो. कारण असं दिलं होतं की मला नव्या प्रोजेक्टवर घ्यायचंय. आता आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की केटी म्हणजे निरोप समारंभ, फक्त पेढे नसतात. पण सांगणारा शिरीष होता. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी दहा ठिकाणी अर्ज टाकले असते.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, मी स्वतः ती नोकरी मिळवली होती तीच केटी घेऊन. वॉल्टर म्हणून एक साठीला आलेला अमेरिकन होता, त्यानं मला सहा आठवडे शिकवलं. शेवटच्या दिवशी डोनट आणले आणि स्वतःचा ड्रॉवर रिकामा केला. त्याची जागा मी घेणार हे मला माहीत आहे, हे त्याला आधीपासून माहीत होतं. मी तेव्हा खाली मान घालून डोनट खाल्ला होता, त्यावर साखर भुरभुरलेली होती. हे मी मुद्दाम लिहितोय, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी धुतल्या तांदळासारखा आहे. पण वॉल्टर माझा मित्र नव्हता. त्याच्या घरी मी जेवलो नव्हतो.

शिरीषच्या घरची केटी तर मला ओळखूही आली नाही. दुसऱ्या रविवारी तो म्हणाला की हे सगळं नीट लिहून काढ. स्टेप बाय स्टेप. तू नसलास तरी वैशालीला लावता आलं पाहिजे.

"मी कुठे जातोय?" मी म्हटलं.

तो रिमोटची बॅटरी घालत होता. ती त्यानं उलटी घातली, काढली, पुन्हा उलटी घातली. मग म्हणाला, "तरी पण. असावं."

मी लिहिलं. मी अर्धवट काही करत नाही, हा माझा दुर्गुण. तेवीस पानांचं मॅन्युअल झालं. पहिल्या पानावर व्हर्जन नंबर, प्रत्येक स्टेपला पडद्याचा फोटो, वायरींना रंगीत चिकटपट्ट्या, शेवटी माहीत असलेल्या अडचणींचं एक स्वतंत्र प्रकरण. आवाज गेला तर पान अकरा, चित्र अडकलं तर पान चौदा. जे माझ्या डोक्यात होतं आणि ज्यामुळे दर शुक्रवारी मला फोन यायचा, ते सगळं मी स्वतःच्या हातानं काढून त्यांच्या हातात दिलं आणि वर स्पायरल बाइंडिंगही करून आणलं.

पीसीनं त्रास भरपूर दिला. डबा बिचारा बटण दाबलं की जे यायचं ते दाखवायचा. पीसीचं तसं नसतं. वरती नाटक चाललेलं असतं आणि खाली त्याचे दहा उद्योग सुरू असतात. मधेच एक खिडकी उघडून विचारतो की अपडेट करू का, आणि पडद्यावरची नायिका अर्धी झाकली जाते. का अडकतोय म्हणून बघायला गेलं तर लांबलचक यादी, हे चालू आहे, ते चालू आहे, मी कुठलंच सांगितलेलं नाही. मी एकेक बंद करत बसायचो. शिरीष शेजारी बसून बघायचा, फार बोलायचा नाही. मला वाटायचं दमलाय, ऑफिसात कामाचा ताण असेल. एकदा मी त्याला बोललोही, की तू तब्येतीकडे बघ रे, चेहरा उतरलाय तुझा.

भाऊबीजेच्या आदल्या रविवारी सगळं जुळलं. एक बटण दाबलं की टीव्ही, पीसी आणि स्पीकर तिन्ही चालू. भाऊबीजेला ऑफिस करून संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो. डिटेक्टरला टोपी घातली, मी पाटावर बसलो. वैशालीनं मला ओवाळलं आणि मी तबकात तो रिमोट ठेवला. म्हटलं, ताई, ही ओवाळणी, आता कुणाला फोन करायला नको. सगळे हसले. ती नाही हसली. तिनं दोनदा तबक फिरवलं, तिसऱ्यांदा तिचा हात थांबला, आणि डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. मला भरून आलं. मी घरी जाऊन मधुराला म्हटलंही की सख्ख्या बहिणीला एवढं वाटलं नसतं.

निघताना शिरीषनं जुना डबा एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला. तू ठेव, तुझाच आहे तो, म्हणाला. मी खूश.

पुढच्या सोमवारी सकाळी दहाला मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. एचआरची एक बाई होती, एक फोल्डर होता, आणि शिरीष होता. बाई चांगलं बोलली. माझ्या कामात काही खोट नाही, फक्त ती पोझिशन आता राहिली नाही, म्हणाली. मी ऐकत होतो तिचं आणि बघत होतो शिरीषकडे. तो टेबलाकडे बघत होता. मला अजून वाटत होतं की तो आत्ता तोंड उघडेल, काहीतरी चुकलंय म्हणेल.

पार्किंगमध्ये तो मागून आला. त्याला बोलायची परवानगी नव्हती, सही घेतली होती त्याच्याकडून, त्याची स्वतःची नोकरी गेली असती, असं भराभर सांगत राहिला. गाड्यांच्या काचांवर ओली पानं चिकटली होती. मी एकच विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दसऱ्याच्या आधीपासून," तो म्हणाला.

मी मनात दिवस मोजले. तेवढ्या दिवसांत मी कुठे कुठे पोचलो असतो. पिस्कॅटवेच्या रिक्रूटरला मी तिथूनच, गाडीत बसून फोन लावला. तिनं ओळखलं, बरं वाटलं तिला, पण जागा गेल्याच आठवड्यात भरली होती.

दुसऱ्या दिवशी हॅलोवीन, इकडच्या पोरांचा सोंगं घ्यायचा दिवस. सईला मधमाशी व्हायचं होतं, तिचे पंख मधुरानं आधीच शिवून ठेवले होते. मग काय, गेलो. पाच वर्षांची माझी मधमाशी दारोदार चॉकलेटं मागत होती आणि मी बादली धरून तिच्यामागे, ज्या देशात मला आता राहता येणार नव्हतं त्या देशातल्या प्रत्येक घराला हसून थँक यू म्हणत. शिरीषच्या बिल्डिंगकडे ती पळाली तेव्हा मी तिला हाक मारून वळवलं. तिला काही कळलं नाही. "बट आत्या हॅज द बिग वन्स," ती म्हणत होती.

डिसेंबरात आम्ही नागपूरला परतलो. सामान विकलं, वाटलं, उरलं ते कचऱ्यात टाकलं. डबा तेवढा मी उगाच बरोबर नेला. तिथे वर्ष-सव्वा वर्ष काढलं. लोक विचारायचे, कायमचे आलात का, आणि आम्ही दोघं वेगवेगळी उत्तरं द्यायचो. सई शाळेत पहिले दोन महिने बोललीच नाही, तिच्या बाईंना वाटलं हिला ऐकू येत नाही. यंदा वसंतात पुन्हा नोकरी मिळाली, मॅसॅच्युसेट्समध्ये, पुन्हा व्हिसा, ग्रीन कार्डाच्या रांगेत पुन्हा शेवटून पहिला नंबर. सई आता सात वर्षांची आहे. परवा मी ऑफिसातून जरा लवकर घरी आलो तर तिनं दारातच विचारलं, "आर वी मूव्हिंग अगेन?" मी नाही म्हटलं. तिनं मधुराकडे बघून खात्री करून घेतली.

कारण हवाच तशी आहे यंदा. बाजार कोसळलाय, बँका बुडताहेत, ऑफिसात दोन माणसं कोपऱ्यात बोलताना दिसली की मी पाणी प्यायच्या निमित्तानं जवळून जातो. कुणी कॉफीला चल म्हटलं की मी त्याच्या तोंडाकडे बघतो. कुणी काही सांगितलं तर खरं वाटत नाही, नाही सांगितलं तर झोप लागत नाही. लोक सहज म्हणतात, विश्वास पानिपतावर गेला. माझा पार्सिपनीत गेला, मला जागासुद्धा दाखवता येईल, तिसरा मजला, सोफ्यासमोरचं कार्पेट.

शिरीषला मी दोन वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. आंघोळ करताना, गाडी चालवताना. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते तुझ्याकडून शिकलो, गरज सरो वैद्य मरो, सगळं झालं. त्यातही एक सोय होती. वाईट तो एकटा होता. वैशालीचं मला वाईटच वाटायचं, नवऱ्यानं सांगितलं नसेल तिला, नाहीतर तिनं त्याच दिवशी धावत येऊन सांगितलं असतं, असं मी मधुराला ठासून सांगायचो. मधुरा विषय बदलायची. ओवाळताना डोळ्यांत आलेलं पाणी मी खरं धरून चाललो होतो.

मागच्या रविवारी दुपारी मी मागच्या अंगणात पानं गोळा करत होतो. फोन वाजला. पार्सिपनीचा नंबर. दोन वर्षांत पहिल्यांदा वैशाली बोलत होती.

कसे आहात, सई किती मोठी झाली, झालं. मग म्हणाली की टीव्ही बंद पडलाय, पडदा निळा होऊन थांबलाय. शिरीष भारतात गेलाय कामासाठी, मॅन्युअल सापडत नाहीये, आणि तिची आई आली आहे पुण्याहून, ती दिवसभर नुसती बसून असते. मला राग यायला हवा होता. नाही आला. मी दाताळं भिंतीला टेकवलं, पायरीवर बसलो आणि सांगायला लागलो. मागे जा, हिरव्या चिकटपट्टीची वायर काढ, दहा आकडे मोज. पॉवरचं बटण दाबून धर. सोडू नकोस. आता लाव. अर्धा तास गेला. खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात मला बरं वाटत होतं. पुन्हा तोच शुक्रवार, तीच ताई, अडलेली. तिकडून एकदम नाटकातलं कुणीतरी मोठ्यानं बोललं आणि तिची आई काहीतरी म्हणाल्याचं ऐकू आलं.

मला वाटलं आता ती ठेवेल. ती रडत होती.

"तू रागावत का नाहीस रे?" ती म्हणाली.

मी म्हटलं, तुझ्यावर कशाला रागावू. राग शिरीषवर आहे, आणि तो आहेच.

"नको त्याच्यावर रागावूस," ती म्हणाली. "तो त्या कोजागिरीलाच सांगणार होता. तुला तो पिस्कॅटवेचा फोन आला ना, तेव्हा आत येऊन म्हणाला मला, मी सांगतो त्याला आत्ताच्या आत्ता. मीच धरलं त्याला. म्हटलं, तेवढं टीव्हीचं होऊ दे, मग सांग." तिनं नाक ओढलं. "अर्धवट पसरून ठेवलेलं सगळं. कळल्यावर तू कशाला आला असतास, आणि मग कोण करून देणार होतं आम्हाला?"

समोर मी सकाळपासून केलेला पानांचा ढीग होता. वारा सुटला होता आणि त्यातली वरची पानं पुन्हा अंगणभर चालली होती. घरात मधुरा सईला काहीतरी समजावत होती, सई इंग्रजीत वाद घालत होती. फोनवर मागे नाटक चाललेलं ऐकू येत होतं, आवाज अगदी स्वच्छ.

"टीव्ही लागला ना आता?" मी विचारलं.

"हो."

"बरं. ठेवतो मग, वहिनी."